सण मुलांच्या हाती द्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. आमच्या पुणे जिल्ह्यातल्या खेड्यात शाळा सातवीपर्यंतच होती, तेव्हा माझे शिक्षणही तेवढेच. व्यासपीठावर उभे राहून बोलायची सवय नाही. पण बाई म्हणाल्या, "दिवाळीच्या सुट्टीत आख्ख्या इमारतीची पोरे तुमच्या दारात असतात. त्याविषयीच बोला." हा विषय स्वयंपाकघरातला आणि गॅलरीतला. त्याला पदवी लागत नाही, म्हणून धीर केला.

घटस्थापनेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मोजले तर दीड महिना होतो. नवरात्र, दसरा, कोजागरी, मग सहामाही परीक्षा आणि लगोलग दिवाळीची सुट्टी. लहान मुलांची एवढी चंगळ वर्षात दुसरी नाही. पण घरोघर दिसते काय? आई पहाटेपासून राबते आहे, मूल मध्येमध्ये लुडबुडते आहे, आणि दिवसातून पन्नास वेळा एकच वाक्य ऐकू येते, "तू बाजूला हो, सांडशील!" शेवटी मूल बाजूला होतेच. कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसते. आणि मग आपणच एकमेकींना सांगतो की हल्लीच्या मुलांना सणावारांची हौसच नाही.

मैत्रिणींनो, हौस बघून येत नाही, हौस करून येते. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की प्रत्येक सणात लहान मुलाला त्याच्या हाताने करण्याजोगे एक काम द्यावे, आणि ते खरे काम असावे. नुसते हातात काहीतरी देऊन बसवणे वेगळे. आपण केले नाही तर घरात काहीतरी अडेल, असे मुलाला वाटले पाहिजे. "हात फिरे तेथे लक्ष्मी शिरे" ही म्हण आपण मोठ्यांपुरती ठेवली आहे. मुलांचेही हात फिरू द्या.

आता क्रमाने सांगते.

पहिला भोंडला. आपल्या डोंबिवलीत एका जिन्यावर चार जिल्हे राहतात. त्यामुळे त्याला कोणी भोंडला म्हणते, कोणी हादगा म्हणते. काहींकडे सूर्य हस्त नक्षत्रात गेला की हादगा मांडतात, तो सोळा दिवस चालतो. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, असे करत सोळाव्या दिवशी सोळा गाणी. खानदेश-विदर्भाकडच्या मैत्रिणी भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई बसवतात. आपण नवरात्रातला एक दिवस धरतो, कारण घरची माणसे गाडीने ये-जा करणारी आणि जागा गच्चीची. एक दिवस तर एक दिवस. पण पाटावरचा हत्ती मात्र मुलांना काढू द्यावा. आमच्या गच्चीवर एका वर्षी हत्तीला पाच पाय झाले होते. मी पुसू दिला नाही. ज्याने तो काढला, तो मुलगा त्या दिवशी पाटापासून हलला नाही, कोणाचा पाय लागेल म्हणून. आणि हो, मी "मुलगा" म्हटले. पाच-सहा वर्षांच्या मुलग्यांनाही फेरात घ्यावे, तसे मुलींनाही किल्ल्याच्या चिखलात उतरवावे.

खिरापत हे तर लहानांसाठीच केलेले काम. डब्यात काय आहे ते कोणाला सांगायचे नाही आणि सगळ्यांना ओळखायला लावायचे. चार वर्षांच्या मुलाला गुपित सांभाळायला देऊन पाहा. तासभर ते पोटात मावत नाही, पण सांभाळते. भरवसा टाकल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर दिसतो.

भोंडल्याच्या गाण्यांविषयी एक सांगावेसे वाटते. माझी थोरली सहा वर्षांची असताना तिने विचारले, "आई, त्या गाण्यातल्या सुनेला माहेरी जायला एवढ्या जणांना का विचारावे लागते? ती गाडीने का जात नाही?" मला आधी हसू आले. मग मी तिला माझ्या आजीची गोष्ट सांगितली. आजीचे लग्न अकराव्या वर्षी झाले. मुलीचे लग्नाचे वय चौदा असावे असा कायदा १९२९ सालीच झाला होता, पण तो आमच्या खेड्यात पोचला नव्हता. पुढे १९७८ साली ते वय अठरा झाले. आजी सांगायची की वर्षभर सासरी मान वर करून बोलायची सोय नव्हती, हादग्याच्या फेरात मात्र सासूची थट्टा मोठ्याने म्हणता यायची आणि सासूही ऐकून घ्यायची. थोरली ऐकत राहिली. ह्या गाण्यांत आपल्या आज्यांचे दुःख आहे आणि त्यांचा मिस्कीलपणाही आहे. मुलांनी विचारले तर उडवून लावू नका, बसून सांगा. तो इतिहास शाळेच्या पुस्तकात मिळायचा नाही.

गाणी कोणाला येतात, हाही प्रश्नच आहे. आपल्याला दोन-तीन कडवी येतात, पुढचे गुणगुणतो. आमच्या मजल्यावर सांगलीकडच्या एक आजी आहेत. त्यांना गाणी पुष्कळ पाठ. पण यजमान गेल्यापासून त्या अशा दिवशी दार लोटून घरात बसायच्या. "पाट मांडायच्या कामात मी नको," असे म्हणायच्या. दोन-तीन वर्षे आम्ही बायका नुसत्या हळहळलो. शेवटी मुलांनाच पाठवले. आठ-दहा पोरे दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, आम्हाला गाणी येत नाहीत, तुम्ही आल्याशिवाय सुरू होत नाही." मुलांना नाही म्हणणे आजींना जमले नाही. आता पाट त्याच मांडतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात विधवांना बाजूला ठेवणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि सरकारनेही त्याच महिन्यात इतर गावांना तसे करायला सांगितले. आपल्याकडे ठराव नाही, पण गच्ची आपली आहे. मुलांनी लहानपणी फेरात आजीचा हात धरला असेल, तर मोठेपणी तो हात सोडायचे त्यांना शिकवावे लागेल. शिकवू नका म्हणजे झाले.

दसऱ्याचे काम सोपे. पाटीवर एकच्या आकड्यांनी सरस्वती काढायची. ज्या मुलाला नुकताच एक लिहिता येऊ लागला, त्यालाही ती काढता येते. हल्ली घरात पाटी नसेल तर जाड पुठ्ठा काळा रंगवा. झेंडूची फुले आणि भाताच्या लोंब्या घेऊन मुरबाड-शहापूरकडच्या बायका आपल्या स्टेशनाबाहेर बसतात. मुलाला बरोबर न्या, पैसे त्याच्या हाताने द्यायला सांगा, आणि त्या मावशी किती वाजता घरून निघाल्या तेही विचारू द्या. दारावरचे तोरण कोणाच्या शेतातून आले ते त्याला कळू द्या. आपट्याच्या नावाखाली पुष्कळदा कांचनाच्या फांद्या विकल्या जातात. कांचनाचे पान मोठे, आपट्याचे लहान आणि जाडसर. पाने ओळखायला शिकवा, आणि फांदी ओरबाडण्यापेक्षा कागदाची पाने कापून त्यावर मुलांना स्वतःचे नाव लिहू द्या. आमच्याकडे गेली कित्येक वर्षे हेच सोने वाटतात.

कोजागरीला थोरल्या अपत्याला ओवाळायची चाल आहे. माझ्या धाकट्याने एकदा तोंड फुगवले, "मला का नाही?" तेव्हापासून ओवाळते मी, आणि निरांजनाचे तबक धरायचे काम धाकट्याचे. दुधात केशर असो वा नसो, चंद्र गच्चीवरून सगळ्यांना सारखाच दिसतो.

मग दिवाळी. दिवाळी म्हणजे मुलांच्या लेखी आधी किल्ला. किल्ल्याला लवकर हात घालावा. माती, दगड, विटांचे तुकडे, वर ओले गोणपाट, त्यावर मातीचा लेप. हळीव पेरले तर तीन-चार दिवसांत हिरवे होते, मोहरीला थोडे अधिक लागतात. म्हणून वसुबारसेच्या निदान पाच दिवस आधी पेरावे. पाणी हाताने शिंपडावे, तांब्याने ओतले तर बुरूज वाहून जातो. ज्यांना अंगण नाही त्यांनी जुन्या मोठ्या परातीत किंवा लाकडी खोक्यात करावा. आमचा पहिला किल्ला धुण्याच्या फुटक्या टबात झाला होता.

किल्ला करताना मुलांशी नावे बोलावीत. आपल्यापासून गाडीने फार लांब नाही असा दुर्गाडी कल्याणच्या खाडीवर उभा आहे. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली, आणि मराठी आरमाराची सुरुवात ह्या खाडीच्या आसऱ्याने झाली. आज तिथे जुने थोडेच उरले आहे, पण वरून खाडी दिसते, आणि इथे जहाजे का बांधली ते सहा वर्षांच्या मुलालाही उमजते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी. रायगड, राजगड, शिवनेरी, लोहगड, साल्हेर, प्रतापगड, पन्हाळा हे डोंगरावरचे, आणि खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे समुद्राकडचे. दरवर्षी एक घेतला तर मुलाचे बालपण संपेल, किल्ले संपायचे नाहीत. आणि विकतचा तयार किल्ला कृपा करून आणू नका. तो आणून ठेवला की मुलाला करायला काही उरतच नाही.

फराळाच्या वेळी मुले लुडबुडतात, हे खरे. त्यांना जागा नेमून द्या. चुलीपासून लांब, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून. दोन-तीन वर्षांच्या मुलाला पोहे निवडायला द्या. चार ते सहा वर्षांच्या मुलाने करंजीच्या कडेने कातण फिरवावे, शंकरपाळे कापावेत. सात-आठ वर्षांच्या मुलाला चकलीचा सोऱ्या दाबता येतो. शंकरपाळ्याचे माप मुलाकडूनच घ्यावे, कारण ते लक्षात ठेवायला सोपे: एक वाटी तूप, एक वाटी साखर, एक वाटी दूध, आणि त्यात मावेल तेवढा मैदा. वाकडे शंकरपाळे वेगळ्या डब्यात ठेवा आणि पाहुण्यांना तोच डबा आधी द्या. "हे आमच्या बाळाने केले," एवढे म्हणा. बाळ दाराआडून ऐकत असते.

तळणे मात्र आपलेच. कढईजवळ मूल नको. पणत्या लावताना मुलांच्या अंगावर सुती कपडे असावेत, झुळझुळीत ओढणी नको, आणि जवळ पाण्याची बादली. भाजलेच तर तो भाग वीसेक मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, तूप, हळद काही लावू नये, आणि जास्त भाजले असेल तर डॉक्टरांकडे न्यावे. फटाक्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ सालीच वेळेचे आणि प्रकाराचे निर्बंध घातले. पण न्यायालयाच्या आधी शेजारची तान्ही बाळे आणि दम्याचे आजोबा आठवावेत.

आता एका वर्षाची गोष्ट सांगते, कारण चिटणीसबाईंनी "अनुभवाचे सांगा" अशी ताकीद दिली आहे.

२०१३ साली नवरात्राच्या सुमारास ह्यांचा ठाण्याकडचा कारखाना बंद पडला. पगार दोन महिन्यांचा अडकलेला. थोरली आठ वर्षांची, धाकटा पाच. ह्यांचे म्हणणे, "मुलांना कळू द्यायचे नाही. उसने घेऊ, पण कपडे, फटाके, कंदील, सगळे नेहमीसारखे आणू." बापाचे मन, त्यांचे चूक म्हणवत नाही. माझे म्हणणे, "मुलांना सांगू." दोन रात्री आम्ही ह्याच्यावर बोललो. मुले लहान आहेत, धास्ती घेतील, ही भीती मलाही होतीच. पण घरात काहीतरी लपवले जाते आहे, हे मुलांना असेही कळते. कारण कळत नाही, आणि त्याची धास्ती जास्त.

शेवटी दोघांना समोर बसवून ह्यांनीच सांगितले, "ह्या वर्षी बाबांना पगार नाही. नवे कपडे होणार नाहीत, फटाके नाहीत. बाकी दिवाळी पुरी करायची, पण ती तुम्हाला करावी लागेल." थोरली थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, "माझी शाळा बंद होणार का?" तो प्रश्न ऐकून माझ्या पोटात कालवले. ह्यांनी सांगितले, "शाळा बंद होणार नाही." धाकट्याचा प्रश्न एकच होता, "मग कंदील?"

कंदील घरी झाला. बांबूच्या काड्या, दोरा, पतंगाचा कागद आणि गव्हाच्या पिठाची खळ. ह्यांना लहानपणी येत होता, हात आठवून आठवून केला. एरवी सकाळी सात-चाळीसची गाडी आणि रात्री नवाला घरी, त्यामुळे मुलांनी आपला बाप सलग आठ दिवस दिवसाउजेडी कधी पाहिला नव्हता. झिरमिळ्या धाकट्याने कापल्या, एक लांब एक आखूड. थोरलीने दारात रोज वेगळी रांगोळी घातली. शेजारच्या काकूंनी भाजणी दिली, मी त्यांच्या चकल्या करून दिल्या. कंदील टांगून झाल्यावर धाकटा म्हणाला, "बाबा, तुमचा कारखाना दर दिवाळीला बंद ठेवायला सांगा." हे मोठ्याने हसले. मी मात्र आत गेले.

पुढे फेब्रुवारीत ह्यांना दुसरी नोकरी लागली, पगार कमीच. मैत्रिणींनो, गरिबीचे गोडवे गाण्यासाठी मी हे सांगितले नाही. पगार असावा, मुलांना नवे कपडेही असावेत, आणि त्या वर्षी दुकानासमोरून जाताना थोरलीने मान दुसरीकडे वळवली होती, ते मी विसरलेले नाही. माझे सांगणे एवढेच, की मुलांना खरे सांगावे, आणि खऱ्याबरोबर त्यांच्या हातात एखादे काम द्यावे. नुसते खरे सांगितले तर मूल भिते. बरोबर काम दिले तर घराला त्याचाही आधार आहे असे त्याला वाटते. आपल्या ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात कारखाने किती बंद पडले, ते येथे बसलेल्या पुष्कळ जणींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. अशी वेळ कोणावर येऊ नये, पण आलीच तर हे आठवावे म्हणून सांगितले.

सुट्टी मोठी असते, चार दिवसांची दिवाळी संपली की मुले पुन्हा "काय करू?" म्हणत मागे लागतात. त्यासाठी एक उपाय आहे. मराठीत दिवाळी अंकाची प्रथा १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र ह्यांच्या 'मनोरंजन' मासिकाने पाडली. मुलांचे 'किशोर' १९७१ पासून निघते. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. इतकी जुनी वाचनालये आपल्या हाताशी आहेत. मुलांना तिथे न्या, अंक चाळू द्या, आणि मग घरी त्यांचा स्वतःचा दिवाळी अंक काढायला सांगा. हाताने लिहिलेला, एकच प्रत. ज्याला लिहिता येत नाही त्याने चित्र काढावे, आजीने एक आठवण सांगावी, ती थोरल्यांनी उतरवून घ्यावी. आमच्या इमारतीचे असे सहा अंक माझ्या कपाटात आहेत. आता मोठी झालेली मुले येऊन आपली पाने शोधतात.

सुट्टीचा शेवट तुळशीच्या लग्नाने. अंतरपाट लहानांनी धरावा, अक्षता त्यांनीच वाटाव्यात. पाट उंच धरता येत नाही म्हणून दोघे स्टुलावर उभे राहतात, मोठी मौज येते.

नोकरी करणाऱ्या मैत्रिणी म्हणतील, "तुम्ही घरी असता, तुमचे ठीक आहे. आम्ही आठला घरी येतो, आम्हाला हे सगळे कसे जमायचे?" त्यांना माझे सांगणे, सगळे करूच नका. पाच पदार्थ विकत आणा, एक घरी करा आणि तो मुलांबरोबर करा. घर थोडे मळेल. मैदा फरशीवर सांडेल, रांगोळी पायाने फिसकटेल. मूल आणि फरशी ह्यांत काय आधी, ते ज्या त्या आईने ठरवावे. मुले मोठी व्हायला वेळ लागत नाही. पुढे दिवाळीच्या पहाटे ती नटूनथटून फडके रोडवर नाहीतर ठाण्याच्या तलावपाळीला मित्रमैत्रिणींना भेटायला जातील, आणि जावेतच. आपल्या हाताशी ती असतात ती फार तर आठ-दहा वर्षे.

मंडळाने ह्या वर्षी गच्चीवरच्या भोंडल्याला लहान मुलांची एक वेगळी समिती नेमावी, अशी माझी सूचना आहे. हत्ती, खिरापत आणि बोलावणी त्यांच्याकडे द्यावीत. आपण बायकांनी त्या दिवशी फक्त फेर धरावा.